निवडलेली रिकामी जागा

१

बातमी आली त्या रविवारी मी शिडीवर होते. छपराच्या पन्हळीत निलगिरीची पानं कुजून काळा चिखल झाला होता आणि तो हाताने उपसून मी बादलीत टाकत होते. खाली रेडिओवर फुटबॉलची मॅच चालू होती. शेजारचा माणूस हिवाळ्यासाठी लाकडं कापत होता. फोन वाजला तेव्हा हातमोजा दातांनी ओढून काढला, त्यामुळे पुढचं सगळं बोलणं तोंडात त्या चिखलाची चव ठेवूनच झालं.

फोन ट्रेंटचा होता. ट्रेंट आमच्या माशांच्या हॅचरीचा मॅनेजर. मेलबर्नहून आलेला, तिशीतला, माशांना ‘युनिट’ म्हणणारा.

“लोर्ना, टाकी तीन गेली,” तो म्हणाला.

“गेली म्हणजे?”

“सगळी पिल्लं. एकूण एक. पोटं वर करून तरंगतायत. ऑक्सिजन संपला आणि भोंगा वाजलाच नाही. बाईसाहेब, तुमचा तो जगप्रसिद्ध भोंगा.”

“ड्यूटीवर कोण होतं?”

“मर्व्ह,” तो म्हणाला. “मर्व्हपण गेला.”

मर्व्ह माझा धाकटा भाऊ. ट्रेंटने आधी मासे सांगितले आणि मग तो सांगितला, याबद्दल मी त्याला दोष देत नाही. माणूस ज्या क्रमाने विचार करतो त्याच क्रमाने बोलतो. लपवण्याइतकी अक्कल त्याला नव्हती, एवढंच.

मी शिडी उतरले, हात धुतले आणि गाडी काढली.

२

अंत्यविधीनंतर गावच्या हॉलमध्ये त्रिकोणी सँडविचं होती आणि त्यांच्याइतकीच सपक माणसं. “आवडतं काम करता करता गेला,” असं मला निदान अर्ध्या हॉलने सांगितलं. मर्व्हला ते काम आवडत नव्हतं. त्याला त्याची होडी आवडायची, आणि होडीत बसून कामाला शिव्या घालायला आवडायचं. ते मी कुणाला सांगितलं नाही. सँडविच खात असलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

ह्युऑन नदीच्या वरच्या अंगाला आमची हॅचरी आहे. टाक्यांमध्ये सॅमनची पिल्लं वाढतात आणि मोठी झाली की समुद्रातल्या पिंजऱ्यांत जातात. टाक्यांतला ऑक्सिजन मोजणारा, आणि कमी झाला की भोंगा वाजवणारा प्रोग्राम मी आणि मर्व्हने मिळून लिहिला होता. तो एका जुन्या कॉम्प्युटरवर, एका काळ्या खिडकीत चालतो. टर्मिनल म्हणतात तिला. काळ्यावर करड्या ओळी येत राहतात: वेळ, टाकी, आकडा. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. ट्रेंटला ती बघून कसंतरीच व्हायचं.

या जुन्या खिडकीची एक खोड आहे. तिच्यात माउसने मजकूर सिलेक्ट केला, की तेवढा भाग पांढरा होतो आणि मागे चाललेला प्रोग्राम जागच्या जागी थांबतो. एंटर दाबला की मजकूर कॉपी होतो आणि प्रोग्राम पुन्हा चालू लागतो. एस्केप दाबला तर नुसताच चालू लागतो. यातलं काहीच केलं नाही, तर तो थांबलेलाच राहतो, चूपचाप, कितीही वेळ. आम्ही त्याला ‘पांढरं करणं’ म्हणायचो. नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी पांढरं करून चहाला निघून जायचा. मग मर्व्ह खोलीच्या दारात उभा राहून ओरडायचा, “कोणाच्या बापाने पांढरं करून ठेवलंय रे?” आणि गुन्हेगाराला शुक्रवारी सगळ्यांसाठी बेकरीतून स्कॅलप नावाच्या शिंपल्यांचे करी घातलेले पॅटिस आणावे लागायचे. मर्व्हवर पॅटिस आणायची पाळी कधी आली नव्हती. माझ्यावरही नाही. आम्ही दोघं त्या बाबतीत एकमेकांकडे बारीक लक्ष ठेवून होतो.

मर्व्ह सापडला तेव्हा खुर्चीत बसलेला होता. हात माउसवर. हृदय बंद पडलं होतं. आणि खिडकी पांढरी केलेली होती.

ट्रेंटने मला हॉलच्या कोपऱ्यात गाठलं. हातात सँडविचची बशी होतीच.

“वाईट वाटून घेऊ नकोस, पण एक रिपोर्ट लागणार. विमावाले विचारतायत. तुझ्याशिवाय ती काळी भानगड कुणाला कळत नाही.”

“काय विचारतायत?”

“तो मेला म्हणून ते थांबलं, की त्याने आधीच थांबवून ठेवलं होतं. आधीच म्हणजे... तो बसला असेल डुलक्या काढत. नंतर हार्ट अटॅक आला असेल. डॉक्टर म्हणतो, दुपारी कधीतरी. दुपार केवढी मोठी असते.”

“म्हणजे तुला निष्काळजीपणा हवाय.”

“मला काही नकोय, लोर्ना. कंपनीला काहीतरी हवंय.”

तेवढ्यात मर्व्हची बायको जनेल आली. तिने सगळं ऐकलं होतं. “हात घसरला,” ती ट्रेंटकडे न बघता मला म्हणाली. “मरताना त्याचा हात घसरला. एवढंच लिहायचंय तुला. ह्या गावात मला राहायचंय, लोर्ना. पिल्लं मारून टाकणाऱ्याची बायको म्हणून नाही.”

३

नियंत्रणाची खोली म्हणजे टाक्यांच्या शेडमध्ये वर बसवलेला पत्र्याचा डबा. एका बाजूला लांब काच, तिच्यातून खाली टाक्या दिसतात. पंपांची घरघर आणि पाणी पडण्याचा आवाज सतत चालू असतो. मी पाहायला गेले त्या दिवशी त्या आवाजात एक खड्डा होता. टाकी तीन उपसून कोरडी केली होती.

ट्रेंटने एक गोष्ट धड केली होती, तीही विमावाल्यांनी बजावलं म्हणून. भोंग्याचं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवून मर्व्हचा कॉम्प्युटर, टाक्यांच्या आणि भोंग्याच्या वायरींसकट, जसाच्या तसा ठेवला होता.

मी खुर्चीत बसले नाही. उभ्यानेच पाहिलं. मर्व्हने त्या सकाळी प्रोग्राम नव्याने सुरू केलेला दिसत होता, कारण ओळींनी फक्त वरचा अर्धा भाग भरला होता. शेवटची ओळ दुपार लागता लागताची. टाकी तीनचा आकडा तेव्हा ठणठणीत. त्याखाली नुसता काळा पडदा. आणि त्या काळ्यात, डाव्या अंगाला, एक उभी पांढरी पट्टी. अरुंद आणि उंच.

मला खरं तर हसू आलं. माणूस सिलेक्ट करतो ते मजकूर. आकडा, ओळ, चूक दाखवणारा संदेश, काहीतरी. मर्व्हने सिलेक्ट केली होती रिकामी जागा. तिथे एक अक्षर नव्हतं. असली निवड शुद्धीवरचा माणूस करत नाही. बटणावर बोट दाबलेलं, हात खाली ओढला गेलेला, आणि संपलं.

म्हणजे जनेल म्हणत होती तेच. मी फोनने पडद्याचा फोटो काढला आणि तिथूनच तिला फोन लावला.

“हात घसरलाय,” मी म्हटलं. “तसंच लिहिते.”

“बरं,” जनेल म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. रडत असावी. मला बरंच वाटलं. फोनवर रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि ज्यांना कळतं त्यांच्याबद्दल मला फारसा आदरही नाही.

४

दुसऱ्या दिवशी रिपोर्टसाठी शेवटच्या ओळीची वेळ नीट उतरवून घ्यायला पुन्हा गेले. पट्टी रुंद झाली होती.

फार नाही. पण वीस-पंचवीस वर्षं मी असल्या पडद्यांकडे पाहत आले आहे. अक्षरांची घरं ठरलेली असतात, पट्टी अर्ध्या घराने वाढत नाही. फोनमधला फोटो शेजारी धरून पाहिला. डावी कड तिथेच होती. वरची कडही. उजवी कड पुढे सरकली होती.

मी खाली जाऊन ट्रेंटला गाठलं. तो ऑफिसात कॉफीच्या मशिनशी झटापट करत होता.

“मर्व्हच्या कॉम्प्युटरला हात कुणी लावला?”

“मी नाही. मी त्या खोलीत पायसुद्धा टाकत नाही. तिथे अजून तो वास येतो.”

“कसला वास?”

“माशांचा. दुसरा कसला?” तो घाईने म्हणाला. “का गं? काय झालं?”

“पांढरा भाग वाढलाय.”

“मग?”

“मग म्हणजे? कुणीतरी माउस ओढलाय.”

“लोर्ना,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. रजा घ्यायला सांगताना माणसं ठेवणीतून काढतात तो आवाज. “एका रिकाम्या जागेपेक्षा दुसरी रिकामी जागा मोठी झाली, म्हणून मी काय करू? पोलीस बोलावू?”

मूर्ख माणूस कधी कधी बरोबर बोलतो, आणि ते सहन करणं फार कठीण जातं. मी वर गेले, माउसची वायर उपसली आणि माउस पर्समध्ये टाकला. कीबोर्डही काढून कपाटावर ठेवला. खोलीला कुलूप लावून किल्ली घरी नेली. सफाईला येणाऱ्या माणसांवर माझा संशय होता. संशय घ्यायला सफाईवाले नेहमीच सोयीचे असतात.

५

पट्टी वाढत राहिली.

मी रोज जाऊन फोटो काढत होते. माउस माझ्या पर्समध्ये होता, माझ्या चष्म्याच्या डबीशेजारी. पडदा बिघडला असेल म्हणून पडदा बदलला. नव्या पडद्यावर पट्टी होती तेवढीच, तिथेच. नेटवर्कची वायर काढली. कुणी लांबून काही करत असेल तर तेही बंद. घरी तसाच एक जुना कॉम्प्युटर मांडला, त्यावर रिकामी जागा पांढरी केली आणि माउस उपसून ठेवला. माझी पट्टी शहाण्यासारखी जागेवर राहिली. दुपारी पाहिलं, संध्याकाळी पाहिलं. ढिम्म.

याला काही कारण असणार, असं मी स्वतःला सांगत होते, आणि कारण सापडत नाही म्हणजे आपण नीट शोधत नाही, असंही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांना मी नेहमी एकच प्रश्न विचारत आले आहे: प्लग काढून बघितलात का? इथे प्लग काढला तर सगळंच जाणार होतं, तेव्हा तेवढं सोडून बाकी सगळं मी काढलं होतं.

टेबलावर धूळ बसली होती. टाक्यांच्या शेडमध्ये खाद्याची बारीक पूड उडते, ती सगळीकडे बसते. माउस जिथे असायचा तिथे, धुळीत, मुठीएवढी जागा स्वच्छ होती. ते ठीक होतं, माउस मीच उचलला होता. पण ती स्वच्छ जागा गोल राहिली नव्हती. तिला उजवीकडे शेपूट फुटलं होतं.

भीती वाटली असं म्हणणार नाही. राग आला. कारण त्या शेपटाकडे बघता बघता मला एक साधी गोष्ट कळली, जी मी आधीच समजून घ्यायला हवी होती. घसरलेला हात एकदाच घसरतो. डावी कड धरून, वरची कड धरून, इतक्या सरळ रेषेत पुढे जाणारा हात घसरलेला नसतो. ती निवड होती. ती पहिल्या दिवसापासून निवडच होती. त्याने शुद्धीवर असताना, दुपार लागता लागता, प्रोग्राम थांबवून काहीतरी सिलेक्ट करायला घेतलं होतं. आणि टाकी तीनमधली पिल्लं तडफडत असताना तो सिलेक्ट करतच बसला होता.

म्हणजे रोज वाढणारा प्रत्येक घर-दोन घर पांढरा भाग माझ्या भावाविरुद्ध साक्ष देत होता. आणि ती साक्ष, दुसरं कुणी देणं शक्य नव्हतं म्हणून, तोच देत होता.

“काय निवडतोयस, गाढवा?” मी पडद्याला म्हटलं. “तिथे काही नाहीये. एक अक्षर नाही. आयुष्यात एकदाच पांढरं केलंस आणि त्यात मासे मारलेस.”

पंपांची घरघर चालू होती. त्या घरघरीखाली, टेबलाच्या उंचीवर, लाकडावरून काहीतरी सावकाश ओढल्यासारखा आवाज आला आणि थांबला. माणूस ऐकायला थांबतो तसा.

मी पर्स उचलून बाहेर आले. पर्स हातात जड वाटली, ती मी उघडून पाहिली नाही.

६

जनेल आपणहून आली. हातात बेकरीची पिशवी होती.

“स्कॅलपचे पॅटिस आणलेत,” ती म्हणाली. “तुमच्या नियमाप्रमाणे. कुणीतरी आणायला हवेत ना.”

तिचा टोमणा होता की नाही, मला ठरवता आलं नाही. आम्ही खोलीत उभ्यानेच खाल्लं. ती मर्व्हच्या खुर्चीत बसली नाही, मीही नाही.

“लिहिलंस?”

“नाही अजून.”

“दोन शब्द आहेत, लोर्ना.”

“ते खरे असले पाहिजेत.”

“अगं बाई गं,” जनेल म्हणाली. “लग्नात त्याने टाय उलटा बांधलेला, तो तू सगळ्यांसमोर सोडून परत बांधलास. होडीच्या नावाचं रंगवलेलं अक्षर तिरकं आहे म्हणून दर उन्हाळ्यात सांगत आलीस. तो कधी बोलला नाही, मीच घरी ऐकत आले. आता मेलाय तो. एक चूक तरी त्याला ठेवू दे ना स्वतःकडे!”

“चूक होती असं तुलाही वाटतं, म्हणजे.”

बोटाला लागलेली करी तिने कागदाला पुसली. मग प्रथमच तिने पडद्याकडे नीट पाहिलं. पट्टी आता पट्टी राहिली नव्हती. तिला रुंदी आली होती.

“हे एवढं उघडं होतं?” ती म्हणाली.

“उघडं काय?”

“हे. आतला दिवा कुणी लावला?”

“जनेल, तो सिलेक्ट केलेला भाग आहे. ती काळ्याची पांढरी बाजू आहे फक्त. त्याला आत नसतं.”

“असेल,” ती म्हणाली, आणि मग तिने जे केलं त्याबद्दल मी तिला आजही काही बोललेले नाही. कोटाच्या बाहीने तिने टेबलावरची सगळी धूळ पुसून टाकली. शेपूट, स्वच्छ जागा, सगळं. नवऱ्याच्या टेबलावर धूळ दिसली की बायका पुसतात तसं. “किती घाण ठेवता तुम्ही लोक,” ती म्हणाली. तिचा हात टेबलाच्या उजव्या कडेशी आला तेव्हा तिने तो एकदम मागे ओढला आणि छातीशी धरला. जणू तिथे ऊब होती.

“काय झालं?”

“काही नाही. मी निघते.”

जाताना ती दारात वळली, पण माझ्याकडे पाहून नाही. “हात घसरला असं लिही,” ती म्हणाली. “लवकर लिही.”

७

त्यानंतर मी काही दिवस गेले नाही. रिपोर्ट मला घरी बसूनही लिहिता आला असता. लिहिला नाही. शेवटी ट्रेंटने निरोप पाठवला: शुक्रवारपर्यंत मी दिला नाही तर तो स्वतः लिहील, आणि तो काय लिहील ते मला माहीत होतं. त्याला शुद्धलेखनही धड येत नाही.

शुक्रवारी सकाळी गेले. ऊन होतं. कुलूप उघडण्याआधीच दाराच्या खालच्या फटीतून उजेड दिसला. खोलीला खाली टाक्यांकडची काच आहे, तिकडून येत असेल, म्हणून मी दार ढकललं.

उजेड पडद्याचा होता. जवळजवळ सगळा खालचा भाग पांढरा झाला होता. खुर्चीची सावली मागच्या पत्र्यावर पडली होती, आणि माझीही. मी त्या सावल्या मोजायचं टाळलं.

त्या पांढऱ्यात एक काळं होतं.

इथे मला नेमकं सांगायला हवं, कारण इथे लोक वाहवत जातात. या खिडकीत निवड चौकोनी असते. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मधलं सगळं. तिच्यात भोक पडत नाही. पडूच शकत नाही, तशी सोयच नाही. तरी पांढऱ्याच्या मधोमध, जरा खालच्या अंगाला, काही घरं काळीच राहिली होती. थोडीशीच. उभी. खाली दोन ठिकाणी टेकलेली.

बारीक होती ती, बोटाच्या पेराएवढी. उजेडासमोर लांब उभं असलेलं काहीही तेवढंच दिसतं.

ट्रेंट माझ्या मागून जिना चढून आला. दारातच थांबला.

“बाप रे, पडदा जळला की काय हा? नवाच होता ना?”

“ते मधलं दिसतंय तुला?”

“मेलेली घरं आहेत ती. डेड पिक्सेल. होतं असं.” तो आत आला नाही. “झालं का लिहून? की मी प्लग काढू?”

“प्लगला हात लावलास तर तुझा हात तोडीन.”

“लोर्ना, तुझा भाऊ होता हे मी समजू शकतो...”

“तू काहीही समजू शकत नाहीस, ट्रेंट. तू दुपारपर्यंत थांब.”

तो पुटपुटत खाली गेला. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बोलण्यात फार तर एक-दोन मिनिटं गेली असतील. ते काळं आता दोन पेरांएवढं होतं. मेलेली घरं वाढत नाहीत. वाढलीच, तर पावलं टाकल्यासारखी, आधी एका बाजूची मग दुसऱ्या बाजूची, अशी वाढत नाहीत.

८

मी कपाटावरून कीबोर्ड खाली घेतला आणि जोडला.

माझ्यापुढे दोन बटणं होती. एस्केप दाबला असता तर निवड पुसली गेली असती आणि त्याने काय निवडलं हे कधीच कुणाला कळलं नसतं. ट्रेंटलाही नाही, मलाही नाही. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण माझ्या भावाने मरण्याआधी आणि नंतर इतक्या चिकाटीने जे एकच काम केलं, ते अर्धवट असताना पुसून टाकायचं? आम्ही दोघं अर्धवट काम करणाऱ्यांची टर उडवत मोठे झालो होतो.

उजवी कड पडद्याच्या काठाला टेकली. आता पुढे जागा नव्हती. लाकडावरून ओढल्याचा तो आवाज थांबला आणि मग, माझ्या कोपराजवळ, माउसचं बटण सोडल्याचा बारीकसा आवाज झाला.

मी एंटर दाबला.

पांढरं गेलं. सगळा पडदा काळा झाला, वरच्या ओळी धडाधड सरकल्या आणि प्रोग्राम झोपेतून उठल्यासारखा पुढे चालू लागला. भोंगा वाजला. कोरड्या, रिकाम्या टाकी तीनसाठी तो इतक्या जोरात वाजला, की खाली माणसं ओरडत धावली. मी तो बंद केला नाही. मी पडद्याकडे बघत होते.

पांढऱ्यासमोर उभं असलेलं काळं दिसतं. काळ्यासमोर दिसत नाही. त्यामुळे ते पांढऱ्याबरोबर गेलं, की तिथेच राहिलं, की चालत पुढे आलं, हे मला सांगता येणार नाही.

खोलीत ओल्या लोकरीचा वास येत होता. मर्व्हचा स्वेटर होडीवरून आल्यावर असाच वास मारायचा. वासाला मी पुरावा मानत नाही.

खालून ट्रेंट ओरडला, “बंद कर ते! कोणाच्या बापाने चालू केलं?”

९

मी रिपोर्ट त्याच दुपारी दिला. “मृत्यूच्या क्षणी हात घसरल्यामुळे खिडकीत निवड झाली आणि प्रोग्राम थांबला.” एक वाक्य. खाली सही. ट्रेंटने ते वाचलं, खांदे उडवले आणि पुढे पाठवलं. विमावाल्यांनी मान्य केलं. ज्यांना काही कळत नाही त्यांना कुठलंही वाक्य चालतं. जनेल अजून गावातच आहे. बेकरीत भेटते, मान हलवते. त्या दिवशी टेबलाच्या कडेला तिच्या हाताला काय लागलं, ते मी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

वाक्य खोटं आहे हे मला माहीत आहे. किती खोटं, ते माहीत नाही. त्याने काय पाहिलं म्हणून तो थांबला? मासे मरत होते तिकडे पाठ करून त्या रिकाम्या जागेत तो काय धरायला बघत होता? तो निष्काळजी होता, की त्याच्याजवळ उठायला वेळच उरला नव्हता, या सगळ्याचं उत्तर त्या कॉपीत आहे. कॉपी केलेलं कॉम्प्युटरच्या आठवणीत राहतं. दुसरं काही कॉपी केलं, की पुसलं जातं. मशीन बंद केलं तरी जातं. म्हणून मी आधी बॅटरी घेतली, तिच्यावर चालू ठेवूनच ते मशीन घरी आणलं आणि मागच्या खोलीत ठेवलं आहे. ते चालू असतं. बॅटरी अजून जोडलेलीच आहे, म्हणजे वीज गेली तरी चालेल. त्याच्यावर मी कधी काही कॉपी करत नाही.

सकाळी चहा घेऊन त्या खोलीत जाते. नवी खिडकी उघडते. काळी, कोरी, वर डावीकडे लुकलुकणारी रेघ. माझ्या मागे खुर्ची आहे, तिच्यात कुणी बसलं असेल तर काळ्या काचेत दिसावं, पण काच जुनी आहे आणि माझी नजरही. कॉपी केलेलं बाहेर काढायला दोन बटणं एकदम दाबायची, एवढंच काम. ज्याला पांढरं आणि काळं कळत नाही, असा नवशिकाही ते करू शकेल.

मी ते अजून कुठेही पेस्ट केलेलं नाही.